घट बसल्यापासून गाडी हलेपर्यंत

वर्षाचे महिने बारा असले तरी घरातल्या कामाच्या वाटणीत ते सारखे येत नाहीत. आमच्या बीड जिल्ह्यात एक महिना असा आहे, की त्याच्या अंगावर दोन-तीन महिन्यांचे काम एकदम येऊन पडते. पंचांगात त्याचे नाव आश्विन. घट बसतात त्या दिवशी तो सुरू होतो आणि भाऊबीज झाल्यावर, कार्तिकाचे चार-दोन दिवस खाऊन संपतो. संपतो म्हणजे गावातल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. माणसे, भांडी, शेळ्या, लेकरे भरलेली वाहने पश्चिमेच्या दिशेने निघून जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे, दाराला बांधलेले एखादे जनावर आणि ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहणारी नातवंडे.

बीड-परळी रस्त्यावरचे आमचे दिंद्रुड माजलगाव तालुक्यात आहे. या गावात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर, तांड्यांवर कुणालाही विचारा, "ऊसतोडीला जाणे कधीपासून सुरू झाले?" उत्तर येते, "आज्या-पणज्यापासून." हे उत्तर बरोबर नाही. ऊसतोडीच्या या रिवाजाचे वय आमच्याकडे फार तर सहा-सात दशकांचे आहे. पण तो इतका अंगवळणी पडला आहे, की पाऊस-पाण्यासारखा तोही निसर्गाने लावून दिला असावा असे लोकांना वाटते. म्हणून आधी त्याच्या मागचा काळ पाहायला हवा.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. तेव्हाच्या सरकारी कागदावर माजलगावचे नाव मंजलेगाव आणि अंबाजोगाईचे मोमिनाबाद. या कागदांवर इसवी सन क्वचितच आढळतो. त्यावर फसली साल असते आणि महिन्यांची नावे इराणी असतात. आजूर, दय, बहमन अशी. गंमत अशी, की संस्थानाचे हे सरकारी वर्ष आजूर महिन्याने सुरू होई, आणि आजूर लागे तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला. म्हणजे इकडे घट बसायचे किंवा दसरा यायचा आणि तिकडे कचेरीत नवी वही उघडायची. फसली म्हणजे पिकाचे. पीक आणि सरकारी जमा यांची सांगड घालण्यासाठीच ती कालगणना होती. आश्विन हा हिशेबाचा महिना होता आणि तो राज्यकर्त्यांच्याही लक्षात आलेला होता.

त्या काळात या महिन्याचे मुख्य काम म्हणजे रब्बीची पेरणी. हस्त नक्षत्राचा, आमच्या भाषेत हत्तीचा, पाऊस पडला की काळ्या रानात ज्वारीची पाभर चालायची. सिंदफणेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यातली जमीन खोल, काळी, ओल धरून ठेवणारी. या जमिनीवाल्याला आश्विनात मान वर करायला फुरसत नसे. पण जिल्ह्याच्या मधून बालाघाटचा डोंगर आडवा गेला आहे. तिथली जमीन मुरमाड आणि उथळ. एक बाजरी, थोडी तूर, हुलगे निघाले की रान मोकळे. पाऊस थांबला की ओल गेली, आणि ओल गेली की रब्बी नाही. खोऱ्यातल्या घराला ज्या महिन्यात दोन हात कमी पडत, त्याच महिन्यात डोंगरातल्या घराचे सगळे हात रिकामे होत. माझ्या मते ऊसतोडीचा खरा उगम इथे आहे. ऊस पुढे आला, पण रिकामे हात आधीपासून तयार होते.

ऊस आला तो संस्थानाच्या हद्दीपलीकडे. इंग्रजी मुलखात, अहमदनगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर), गोदावरी आणि प्रवरेचे कालवे निघाले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेपासून देशी साखरेला संरक्षण दिले आणि मग खासगी कारखान्यांची रीघ लागली. आमच्या लोकांना ते दूर होते. मध्ये संस्थानाची हद्द होती, करोडगिरीचे नाके होते, नाणेही वेगळे. आमच्याकडे हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार. तरीही हद्दीलगतच्या डोंगरी गावांतली माणसे पलीकडे जाऊन मजुरी करून येत.

१९४८ ते १९६० या बारा वर्षांत सगळे चित्र पालटले. संस्थान विलीन झाले. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, नाके आधीच गेले होते, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. पुढच्या दोन दशकांत नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात कारखान्यामागून कारखाने उभे राहिले. प्रत्येकाला पाच-सहा महिने ऊस तोडणारी माणसे हवी होती.

ती माणसे कारखान्यांनी आपल्याच भागातली का घेतली नाहीत, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वाळतो, त्यातला साखरेचा उतारा घटतो. म्हणून तोड रात्री-अपरात्री, पाऊस असो की थंडी, कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे व्हायला हवी. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, सणाला सुट्टी घेतो, मजुरी पटली नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाही. दोनशे-तीनशे किलोमीटरवरून आलेला, फडाशेजारी कोपी घालून राहणारा आणि आधीच पैसे घेऊन बसलेला माणूस मात्र कुठे जाणार? दूरचा माणूस आणला तो तो दूरचा आहे म्हणूनच. स्वस्त होता ही गोष्ट त्यानंतरची.

मग १९७२ चा दुष्काळ आला. बैल विकले गेले, विहिरी आटल्या. माझ्या आधीच्या पिढीने खडी फोडली, नालाबांध घातले, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. दुष्काळ ओसरला पण कर्ज ओसरले नाही. ज्या घरांनी तोवर कोयता हातात घेतला नव्हता तीही त्यानंतर निघाली. मुकादम दारात येऊन उचल देतो, ही सोय त्या वर्षांत मोठी वाटली असणार.

आता या महिन्याचे आतले चित्र. ते मला दोन घरांतून ठाऊक आहे. एक आमचे पिंजाऱ्याचे घर आणि दुसरे शेजारचे, दरसाल तोडीला जाणारे.

आश्विनाच्या आधी बायका दसरा काढतात. हा शब्द शहरात कळत नाही. दसरा काढणे म्हणजे घट बसायच्या आत घरातला चिंधी-चिंधी कपडा, वाकळा, गोधड्या, पोती, सगळे ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन धुणे, भिंतींना पोतारा देणे, भांडी घासून उन्हात पालथी घालणे. शेजारची अक्का पहाटे डोक्यावर वाकळांचा ढीग घेऊन निघायची ती उन्हे कलल्यावर परत यायची. आणि इथूनच आमच्या घराचा हंगाम सुरू व्हायचा. गाद्या-उशांमधला वर्षभर दबून घट्ट झालेला कापूस लोक अब्बांकडे पिंजायला आणत. धनुकलीची तार सकाळपासून वाजू लागे. अब्बांच्या भुवया, मिशा, पापण्या कापसाने पांढऱ्या होत आणि आम्ही मुले त्यांना म्हातारा म्हणून चिडवत असू. अम्मा वाकळा शिवायला बसे. तोडीला जाणाऱ्या घरांना वाकळ जाड लागते, कारण कोपीत खालून ओल येते आणि पौषात उसाच्या फडातली थंडी हाडात शिरते. अम्मा त्या वाकळांना टाका जवळ-जवळ घाली. "लेकरं निजायची आहेत त्याच्यावर," असे ती म्हणे.

पुढच्या नऊ-दहा दिवसांत शेजारच्या घरी घट, उपास, माळा. त्याचबरोबर कापसाची पहिली वेचणी. नव्वदच्या दशकानंतर आमच्याकडे सोयाबीन पसरले आणि त्याने या महिन्याची उरलीसुरली फटही बुजवून टाकली, कारण सोयाबीन नेमके दसरा-दिवाळीच्या मध्ये काढणीला येते. उशीर झाला की शेंगा तडकून दाणे रानातच गळतात. एकीकडे मुकादमाचा निरोप, "गाडी ह्या तारखेला," आणि दुसरीकडे रानात उभे पीक. नवरा-बायको दिवसा सोयाबीन कापत आणि रात्री बांधाबांध करत. ज्वारी-बाजरी दळून आणायची. तिखट कांडायचे. शेंगदाण्याची चटणी, लोणचे, डाळी. रॉकेलची चिमणी, पाण्याचा बॅरल, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री. कोयत्याला लोहाराकडून पाणी देऊन आणायचे. गाडी बैलाची असेल तर बैलांना पत्री ठोकायची, जूपणी, सापत्या बघायच्या. म्हाताऱ्या सासूसाठी पाच-सहा महिन्यांचे धान्य कणगीत वेगळे काढून ठेवायचे. आणि यातच दिवाळी. लेकरांना नवा कपडा, थोडा फराळ. त्या फराळाची अर्धी पिशवी गाडीत जाते, ती कोपीवर संपते.

हे सारे करणारी बहुतेक वेळा एकच बाई असते. ऊसतोडीत मोजमापाचे एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको दोघे. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. तो तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवते. पण उचल कागदावर पुरुषाच्या नावाने. जोडीशिवाय पूर्ण उचल नाही, यामुळे आमच्याकडे किती मुलींची लग्ने शाळेच्या वयात झाली याची गणती कोण ठेवणार? तीही बऱ्याचदा याच महिन्यात घाईघाईने ठरत.

उचल हा शब्द पुरता समजून घेतला पाहिजे. ती मजुरी नाही. ती मजुरीच्या आधी दिलेले कर्ज आहे. आषाढ-श्रावणापासून दसऱ्यापर्यंत हप्त्याहप्त्याने ती मिळते आणि गाडी हलायच्या आत बहुतेक संपलेली असते. मागचे देणे, दवाखाना, बियाणे-खत, लग्न, किराणा. अब्बांच्या खिशातल्या लहान वहीत पिंजणावळीची उधारी लिहिलेली असे आणि ती याच महिन्यात वसूल होई. आमच्या घरात दिवाळीच्या सुमारास जो पैसा यायचा तो तोडीच्या उचलीतून आलेला असायचा. म्हणजे शेजाऱ्याने पुढचे पाच-सहा महिने गहाण टाकले, तेव्हा आमच्या चुलीवर मटण शिजले. लहानपणी हे कळत नव्हते. हंगाम संपताना, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, टनांचा हिशेब होतो. उचल फिटली तर ठीक. नाही फिटली तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते आणि पुढच्या आश्विनात त्याच मुकादमाबरोबर जावे लागते. आजारपणाचा, बाळंतपणाचाही खाडा धरला जातो.

रमजानचा महिना चांद्र वर्षामुळे दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. १९७३ साली ईद आणि दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आल्या होत्या. दुष्काळानंतरचे ते वर्ष. अम्मा सांगत असे, रोजे धरून तिने त्या महिन्यात वाकळा शिवल्या आणि ईदला नवा कपडा कुणालाच नव्हता. नंतर २००६ साली तसेच झाले. घट बसले आणि दोन दिवसांत रोजे सुरू झाले. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, २५ ला ईद. अब्बांचे हात तोवर थकले होते. पिंजायचे यंत्र आले होते, सोलापुरी चादरी आणि स्वस्त ब्लँकेटे बाजारात भरली होती, धनुकली खुंटीला होती. पण आमच्या गल्लीतल्या टोळीची गाडी नेमकी ईदच्या सकाळी निघायची होती. अक्का अम्माला म्हणाली, "चाची, यंदा तुमचा शिरखुर्मा कोपीवर पाठवा." अम्माने पहाटेच पातेले चढवले. नमाजच्या आधी गाडीतल्या लेकरांनी वाट्या चाटून पुसून परत दिल्या. त्या टोळीत दोन कोयते मुसलमानांचे होते. त्यांनी ईदची नमाज वाटेतल्या कुठल्याशा गावात पढली. ऊसतोडीत वंजारी, लमाण, दलित, मराठा, धनगर, मुसलमान असे सगळेच आहेत. त्या गाडीत कुणाचाच सण पुरा होत नाही.

दसऱ्याला कारखान्यांवर बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी टाकतात. हंगाम प्रत्यक्ष कधी सुरू करायचा हे मंत्र्यांची समिती ठरवते, कधी १५ ऑक्टोबर, कधी १ नोव्हेंबर. आमच्याकडे त्याच दसऱ्याला भगवानबाबांच्या भगवानगडावर गर्दी लोटायची. तोडीला निघण्याआधीचे ते दर्शन. परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे यांनी याच गर्दीशी बोलून आपले राजकारण उभे केले. २०१७ पासून तो मेळावा पाटोदा तालुक्यातल्या सावरगावला, बाबांच्या जन्मगावी, भरू लागला. भाषणांबद्दल मला इथे बोलायचे नाही. पण मजूर एकत्र सापडतो तो याच महिन्यात. एकदा का टोळ्या सहा-सात जिल्ह्यांत आणि कर्नाटकात पांगल्या, की त्यांना हाक मारणेही अवघड. म्हणून ऊसतोडीचे संप, मागण्या, वाटाघाटी बहुधा याच दिवसांत होत आल्या. पाथर्डीचे बबनराव ढाकणे, मुंडे आणि इतर संघटनांनी हाच काळ धरून कोयता बंद ठेवायला लावला. ऑक्टोबर २०२० मध्ये, दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी, पुण्यात चौदा टक्के दरवाढीचा तोडगा निघाला. त्यानंतरची चौतीस टक्क्यांची वाढ मात्र हंगाम निम्मा उलटल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये ठरली.

बाहेरगावच्या लोकांना एका गोष्टीचे नवल वाटते. १९८७ च्या सुमारास सिंदफणेवरचे माजलगाव धरण झाले, जायकवाडीचा दुसरा टप्पा म्हणून. लाभक्षेत्रात ऊस आला. तेलगावला कारखाना उभा राहिला, तो आमच्यापासून जवळच. मग लोक बाहेर का जातात? उत्तर साधे आहे. पाणी ज्याच्या रानात गेले तो ऊस लावू लागला, आणि कोयता ज्याच्या हातात होता त्याचे रान बहुतेक कोरडेच राहिले. शिवाय लांबच्या कारखान्याची उचल मोठी. त्यामुळे आमच्या रस्त्यावर आता या महिन्यात दोन्हीकडची वाहने दिसतात. डोंगरातल्या टोळ्या इकडे येतात आणि इकडच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे जातात. चौकात चहा पिताना त्या एकमेकांना भेटतातही.

२०१९ साली जिल्ह्याचे नाव एका भयंकर कारणाने देशभर गेले. जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. खाडा पडू नये, पाळीचा आणि पोटदुखीचा त्रास मागे लागू नये, डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घातली, अशी कारणे पुढे आली. अंगावर काढलेले दुखणे तोडीवरून परतल्यावर किंवा निघण्याआधी दवाखान्यात नेले जायचे. उचलीचा एक वाटा तिकडेही गेला.

लेकरांसाठी काही झाले नाही असे नाही. नव्वदच्या दशकात 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षणहक्काचा कायदा आल्यावर भर गावातच मुले ठेवण्यावर गेला आणि हंगामी वसतिगृहे सुरू झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळही झाले. अलीकडे फडांत ऊसतोडणी यंत्रे फिरू लागली आहेत. मोठ्या, सपाट रानात ती चालतात, आणि मुकादम आता त्यांचा दाखला देऊन उचलीचा भाव पाडू पाहतात.

हंगामी वसतिगृहाची यादी शाळेत याच दिवसांत तयार होते. आई-बाप रानात नाहीतर बाजारात असतात, म्हणून यादीत नाव घालायला नातवाचे बोट धरून आजीच येते. गुरुजी विचारतात, "किती महिन्यांसाठी?" आजी बोटांची पेरे मोजते, होळी धरते, पाडवा धरते, आणि "उन्हं तापेपर्यंत लिहा," म्हणते. गुरुजी रकान्यात 'सहा' लिहितात, आजीचा अंगठा घेतात आणि पुढच्या मुलाचे नाव पुकारतात.